मे महिन्यातील ताडोबा

प्रश्न : मे महिन्यात ७० वर्षांची आई आणि ६ वर्षांचा मुलगा यांच्यासह ताडोब्याला जाण्याचा विचार आहे. वाघाची भीती कितपत बाळगावी? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : जिप्सीत शांत बसलेल्या पर्यटकाला वाघापेक्षा उन्हाचा धोका अधिक असतो. चंद्रपूर परिसरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि जिप्सी उघडी असते. त्यामुळे आपल्या आईंना केवळ सकाळच्या फेरीला न्यावे आणि सुती पंचा, भरपूर पाणी व मीठ-साखरेचे पाणी जवळ ठेवावे. मुलाला गाडीत उभे राहू देऊ नये.

खरी सावधगिरी प्रवेशद्वाराबाहेर हवी, आणि नेमकी तिथेच पर्यटक बेफिकीर होतात. मोहर्लीसारख्या गावांभोवतीच्या जंगलातही वाघ-बिबट्यांचा वावर असतो. मोहफुले वेचताना वाकलेल्या माणसांवर तिथे हल्ले झाले आहेत, म्हणून अंधार पडल्यावर निवासाबाहेर पायी फिरू नये, मुलाला अंगणातही एकटे सोडू नये आणि लघुशंकेसाठी रस्त्याकडेच्या झुडपांत जाऊ नये.

मंगळवारी मुख्य जंगलातील (गाभा क्षेत्रातील) सफारी बंद असते. आरक्षणात नोंदवलेले मूळ ओळखपत्रच सोबत न्यावे.