प्रशिक्षणात विमान उतरवताना पुढचे चाक मोडले; आता वैमानिक होता येईल का?

आपला भाचा महाराष्ट्रातील एका संस्थेत शिकतो, एकट्याने उड्डाण करत असताना त्याचे सेस्ना १७२ हे एका इंजिनाचे छोटे विमान धावपट्टीवर उसळले, पुढचे चाक मोडून नाकावरचा फिरता पंखा (प्रोपेलर) जमिनीला घासला आणि तो सुखरूप असला तरी घरचे धास्तावले आहेत, असे आपण लिहिले आहे. मी बरीच वर्षे उड्डाण-प्रशिक्षक होतो व आता अंधेरीत मुलांना परीक्षेचे विषय शिकवतो. एवढ्या एका अपघाताने वैमानिक होण्याची वाट बंद होत नाही. मात्र ‘विमान जोरात आदळले’ एवढ्या खुलाशावर समाधान मानू नये, कारण पुढचे चाक बहुधा पहिल्या आदळण्याने मोडत नाही.

उतरताना मागची दोन मुख्य चाके आधी टेकावीत आणि नाक थोडा वेळ वरच धरून ठेवावे, अशी या विमानाची रचना आहे. फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेचे खाली सोडता येणारे भाग, पूर्ण सोडलेले असताना शेवटच्या टप्प्यात वेग साधारण ६० ते ७० नॉट (ताशी सुमारे १११ ते १३० किलोमीटर) असावा लागतो. ६५ऐवजी ७५ नॉटने आल्यास फरक दहाचाच दिसतो, पण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ती सुमारे एक तृतीयांशाने जास्त होते. मग विमान जमिनीलगत तरंगत राहते, विद्यार्थी अधीर होऊन ते बळेच टेकवतो आणि ते उसळते. उसळल्यावर नाक वर आणि वेग कमी, अशा स्थितीत समोर नुसते आकाश दिसते. घाबरून तो योक, म्हणजे नाक वर-खाली करणारा हातातला दांडा, पुढे ढकलतो आणि आता पुढचे चाक आधी आपटते. पाण्यावर चपट्या दगडाने भाकऱ्या काढताना प्रत्येक उडी आधीपेक्षा लहान होत जाते. येथे नेमके उलटे घडते. विमानाच्या हालचालीमागून हात चालत राहिल्याने प्रत्येक उसळी आधीपेक्षा मोठी होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या आपटीत पुढच्या चाकाचा दांडा वाकतो किंवा तुटतो.

यावरचा उपाय म्हणजे गो-अराउंड, म्हणजे उतरणे सोडून पुन्हा वर जाणे: थ्रॉटल उघडून इंजिनाला पूर्ण शक्ती द्यायची, नाक आवरून धरायचे, डावीकडे जाणारी ओढ उजव्या रडरने (शेपटीवरचे सुकाणू पायाने वळवून) थोपवायची, फ्लॅप आधी २० अंशांवर आणायचे व वेग वाढल्यावर उरलेले टप्प्याटप्प्याने मिटायचे. ही कृतीही सोपी नाही. पूर्ण फ्लॅपसह एकदम शक्ती दिली की नाक झपाट्याने वर जाते, आणि ते रोखले नाही तर जमिनीजवळच विमान स्टॉल होण्याचा, म्हणजे पंखांची उचल जाऊन ते खाली पडण्याचा, धोका असतो. म्हणूनच ती प्रशिक्षकासोबत, अगदी शेवटच्या क्षणापर्यंत थांबून, वारंवार घोटून घ्यावी लागते. माझे स्पष्ट मत असे आहे की पुष्कळ ठिकाणी गो-अराउंडकडे नापास झाल्यासारखे पाहिले जाते. खाली उभे असलेले सोबती हसतील या धास्तीने मुले बिघडलेले लँडिंग रेटून नेतात. हे वातावरण प्रशिक्षकांनीच तयार केलेले असते, आणि ते त्यांनीच बदलायला हवे.

भाच्याला उड्डाणाची वेळही विचारावी. जुहूच्या धावपट्टीवर १९२८पासून छोटी विमाने उतरत आली आणि तेथे समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याचा बराचसा अंदाज असे. आता मुंबईच्या मुलांना धुळे, शिरपूर, बारामती, गोंदिया अशा ठिकाणी जावे लागते, जेथे उन्हाळ्याच्या दुपारी तापलेल्या जमिनीवरून उठणारी हवा विमानाला ऐन उतरताना उचलते किंवा खाली सोडते. नवख्या विद्यार्थ्याला अशा वेळी एकटे का सोडले, हा प्रश्न संस्थेला विचारण्याजोगा आहे.

आता चौकशीविषयी. अशा घटनेची माहिती डीजीसीए (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) आणि २०१२ साली स्थापन झालेल्या विमान अपघात अन्वेषण विभागाला द्यावी लागते. या अन्वेषणाचा हेतू पुढचे अपघात टाळणे हा आहे, दोष ठरवणे हा नाही, असे त्याच्या नियमांतच म्हटले आहे. त्यामुळे भाच्याने आठवते ते सर्व, योक पुढे ढकलला असल्यास तेही, जसेच्या तसे लिहून द्यावे. जबाब गुळगुळीत करण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो ऐकू नये. साधारणपणे अशा विद्यार्थ्याचे एकट्याने उडणे काही काळ थांबवतात, प्रशिक्षकासोबत पुन्हा लँडिंगचा सराव करून घेतात आणि तपासणी-उड्डाण समाधानकारक झाल्यावर त्याला परत सोडतात. व्यावसायिक परवान्यासाठी लागणाऱ्या २०० तासांत आधी उडवलेले तास धरले जातातच.

राहिला खर्चाचा भाग. पंखा जमिनीला लागला की इंजिन उघडून आतून तपासावेच लागते, त्यामुळे दुरुस्ती महाग पडते. संस्थेने आपल्याकडे रक्कम मागितल्यास, काहीही भरण्यापूर्वी प्रवेशाच्या वेळी सही केलेला करार काढून त्यातील विम्याचे आणि नुकसानभरपाईचे कलम एखाद्या वकिलाकडून वाचून घ्यावे.