मोठ्या मापाचं मॉडेल विमान: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या अंकातले प्रश्न पेट्रोल इंजिनावर उडणाऱ्या मोठ्या रेडिओ-नियंत्रित विमानांबद्दल आहेत. उत्तरांतली मापं एकाच विमानाची धरली आहेत: पाव मापाचं (खऱ्याच्या एक-चतुर्थांश) पायपर जे-३ कब हे जुनं हलकं विमान, ३० सीसी इंजिन. तुमचं मॉडेल वेगळं असेल तर आकडे बदलतील, पद्धत हीच राहील.

प्रश्न (नाशिक): दोन वर्षं १.४ मीटर पंखांचं फोमचं विमान उडवतो आहे. आता मोठं घ्यायचं आहे. ‘मोठं’ नेमकं कशाला म्हणतात, आणि कब पहिलं म्हणून चालेल का?

अमेरिकेतल्या मोठ्या मॉडेलांच्या संघटनेची व्याख्या अनेक ठिकाणी मानली जाते: एकपंखी विमानाचे पंख किमान ८० इंच (२०३ सें.मी.), द्विपंखीचे ६० इंच (१५२ सें.मी.), किंवा मूळ विमानाच्या किमान पाव माप. खऱ्या कबचे पंख १०.७ मीटर, म्हणजे तुमचे सुमारे २.७ मीटर.

लांबी चौपटीने घटली की वजन चौसष्टपटीने घटतं. रिकाम्या खऱ्या कबचं वजन साधारण ३४५ किलो, भरलेल्याची कमाल मर्यादा ५५३ किलो. ६४ ने भागलं की ५.४ आणि ८.६ किलो येतात. तुमचं मॉडेल ७ ते ८.५ किलोत बसलं तर ते खऱ्यासारखं उडेल. वेग मात्र मापाच्या वर्गमुळाने घटतो, म्हणजे निम्मा होतो. खरं कब ताशी ६१ किलोमीटरच्या आसपास स्टॉल होतं (पंखांची उचल सुटते), तुमचं तिशीच्या आसपास होईल. मोठं मॉडेल आकाशात सावकाश आणि भारदस्त दिसतं ते यामुळेच.

पहिलं म्हणून कब चालेल, पण एका अटीवर. त्याला नाकाखाली चाक नाही, शेपटीखाली आहे, आणि नुसत्या ऐलरॉनवर (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या भागांवर) वळवलं तर नाक उलट्या दिशेला जातं. फोमच्या विमानावर डाव्या अंगठ्याची, म्हणजे रडरची (शेपटीच्या उभ्या हलत्या भागाची) सवय झाली नसेल, तर आधी शेपटीला चाक असलेलं एखादं दीड मीटरचं विमान महिनाभर उडवा. विकत घेताना एक गोष्ट नक्की विचारा: पंखांखालचे तिरके दांडे शोभेचे आहेत की भार घेणारे? बहुतेक कबमध्ये ते भार घेतात. तसं असेल तर त्यांच्याशिवाय एक फेरीसुद्धा मारायची नाही.

प्रश्न (कोल्हापूर): जुन्या विमानातले प्लॅस्टिक गिअरचे चार सर्वो शिल्लक आहेत. ते ऐलरॉनला लावून पैसे वाचवता येतील का? आणि बिजागऱ्या कशाने चिकटवाव्यात?

नाही. ते सर्वो (हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरी) कपाटात ठेवा, फार तर थ्रॉटलला (इंजिनाचा वेग कमी-जास्त करणाऱ्या झडपेला) एक वापरा. मोठं विमान इंजिन बंद पडून क्वचितच मोडतं. सर्वोपासून हलत्या भागापर्यंतच्या साखळीतली एखादी कडी सैल असते, आणि तिथूनच ते जातं. म्हणून या प्रश्नाचं उत्तर लांब देत आहोत.

ऐलरॉनला प्रत्येकी एक, एलेव्हेटरच्या (शेपटीच्या आडव्या हलत्या भागाच्या) दोन्ही अर्ध्यांना वेगवेगळे आणि रडरला एक असे धातूच्या गिअरचे पाच सर्वो घ्या. ऐलरॉनला ८ ते १० किलो-सेंटिमीटर, एलेव्हेटर आणि रडरला १० ते १५ ताकद हवी. एलेव्हेटरला दोन सर्वो लावण्याचं कारण साधं आहे: एक बंद पडला तरी दुसऱ्यावर विमान खाली आणता येतं. सर्वोचा हात ॲल्युमिनियमचा घ्या, कारण प्लॅस्टिकच्या हाताचे दाते आतून झिजतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. दांडा ३ मि.मी. आट्यांचा, दोन्ही टोकांना बॉल-लिंक, आणि आरपार बोल्टला नायलॉनवाला लॉकनट. धातूत धातू बसतो तिथे निळा थ्रेडलॉकर लावा. तो प्लॅस्टिकला लागू देऊ नका, प्लॅस्टिक तडकतं.

आता भूमिती. स्टिक मध्यावर असताना सर्वोचा हात दांड्याशी काटकोनात हवा. दांडा सर्वोच्या हातावर शक्य तितक्या आतल्या भोकात आणि हॉर्नवर (हलत्या भागाला लावलेल्या भोकांच्या पट्टीवर) शक्य तितक्या बाहेरच्या भोकात घाला. मग सर्वोचा पूर्ण प्रवास वापरला जातो, ताकद वाढते आणि सैलपणा कमी होतो. बाहेरचं भोक घेऊन ट्रान्समीटरमध्ये प्रवास ५० टक्क्यांवर आणणं ही नेहमीची चूक आहे. तसं केलं की सर्वोची निम्मी ताकद फुकट जाते आणि त्याच्या गिअरमधला खेळ हलत्या भागावर दुप्पट होऊन पोचतो. तपासायची पद्धत अशी: रेडिओ चालू ठेवा, ऐलरॉनची मागची कड बोटांनी हलवा. १ मि.मी.हून जास्त हलली तर कारण सापडेपर्यंत विमान उडवायचं नाही. हाच खेळ वेगात फडफड सुरू करतो. आधी गुणगुण ऐकू येते, आणि सेकंदाभरात ऐलरॉन उखडून जातो. हवेत ती गुणगुण ऐकू आली तर लगेच थ्रॉटल खाली, नाक किंचित वर, आणि सरळ उतरा.

बिजागऱ्यांसाठी पातळ सुपरग्लू आणि कागदी पट्ट्या इथे चालणार नाहीत. ४.५ मि.मी. जाडीच्या गोल दांड्याच्या बिजागऱ्या, प्रत्येक ऐलरॉनला चार ते पाच, आणि ३० मिनिटांचं इपॉक्सी घ्या. सांध्यावर काडीने पेट्रोलियम जेली लावा, म्हणजे गोंद सांध्यात शिरणार नाही. सांध्याचा अक्ष बिजागरी-रेषेवर अचूक यावा म्हणून भोकाच्या तोंडाशी थोडी खाच करावी लागते. दुसऱ्या दिवशी प्रत्येक बिजागरी जोर लावून ओढून पाहा. शेवटी फटीवर खालच्या बाजूने पारदर्शक फिल्मची पट्टी चिकटवून ती बंद करा. पट्टी लावल्यावर ऐलरॉन दोन्ही टोकांपर्यंत अडखळल्याशिवाय जातो ना, हे पुन्हा तपासा.

प्रश्न (सांगली): बोटांवर तोलून पाहिलं तर शेपूट जड आहे. नाकात ७०० ग्रॅम शिसं घालायला सांगितलं आहे. एवढं लागतं का?

एवढ्या मोठ्या विमानाला बोटांवर तोलणं फसवं असतं. तीन वजनकाटे घ्या: दोन पुढच्या चाकांखाली, एक शेपटीखाली. शेपटीचा काटा स्टुलावर ठेवून विमान उडताना असतं तसं आडवं करा. टाकी रिकामी, बाकी सगळं जागच्या जागी. शेपटीचं वजन गुणिले पुढच्या चाकांपासून शेपटीच्या चाकापर्यंतचं अंतर, भागिले एकूण वजन. उत्तर येईल ते पुढच्या आसापासून मागे मोजायचं. समजा शेपटीखाली ०.७ किलो, अंतर १२५० मि.मी., एकूण ७.८ किलो: तोलबिंदू आसाच्या मागे ११२ मि.मी. आस पंखाच्या पुढच्या कडेच्या बरोबर खाली असेल, तर ४०० मि.मी. रुंद पंखावर हे २८ टक्के झाले. कबला २५ ते २८ टक्के उत्तम. तिशीच्या पुढे गेलात तर पहिलंच उड्डाण झुंज होईल.

शिसं शेवटी. आधी रिसीव्हरच्या आणि इग्निशनच्या बॅटऱ्या इंजिनाच्या पेटीवर न्या. मग शेपटीकडे बघा, कारण तिथल्या प्रत्येक १०० ग्रॅमसाठी नाकात सुमारे २५० ग्रॅम घालावे लागतात. हलकं शेपटीचाक लावलंत आणि शेपटीतले सर्वो केबिनमध्ये आणून रडर तारांवर घेतला, तर ते ७०० ग्रॅम बहुधा लागणारच नाहीत.

प्रश्न (ठाणे): एका मोठ्या बॅटरीवर रिसीव्हर आणि इग्निशन दोन्ही चालवलं तर काय बिघडतं?

इग्निशन ठिणगी टाकतं आणि त्याचा गोंगाट वायरींतून रिसीव्हरपर्यंत पोचतो. बॅटरी एकच असेल तर ती बसली की इंजिन आणि ताबा दोन्ही एकदम जातात. म्हणून इग्निशनला स्वतंत्र बॅटरी आणि स्वतंत्र स्विच. रिसीव्हरला २१०० ते २५०० एमएएचच्या दोन सेलच्या दोन लाइफ (लिथियम-लोह फॉस्फेट) बॅटऱ्या, प्रत्येकीला वेगळा स्विच आणि रिसीव्हरमध्ये वेगळं सॉकेट. ६.६ व्होल्ट चालणारे सर्वो असतील तर मधे रेग्युलेटर लागत नाही, आणि बिघडायला एक भाग कमी होतो.

लाइफ बॅटरीचा व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ सपाट राहतो आणि मग एकदम कोसळतो. म्हणून व्होल्टमीटरवर विसंबू नका. दोन उड्डाणांनंतर चार्जरने किती एमएएच परत भरले ते वहीत लिहा आणि क्षमतेच्या निम्म्यावर थांबा. इग्निशन आणि रिसीव्हर यांत निदान ३० सें.मी. अंतर ठेवा. थ्रॉटलचा दांडा नायलॉनचा हवा, धातूचा नको. रिसीव्हरवरून चालणारा ऑप्टिकल कट-ऑफ जरूर बसवा. ताबा गेला तर इंजिन तरी बंद पडतं.

प्रश्न (रत्नागिरी): पावसाळ्यात पंखांवरच्या फिल्मला सुरकुत्या पडतात. पुन्हा इस्त्री करावी का?

करू नका, निदान आत्ता नाही. पंखांतलं हलकं बाल्सा लाकूड ओलावा पिऊन फुगतं, थंडीत आक्रसतं. जुलैत ताणून बसवलेली फिल्म डिसेंबरात पुन्हा सैल होते. कोरड्या दिवसाची वाट पाहा. आधी कडा कमी तापमानावर घट्ट करा, मगच मधला भाग ताणा. उलट केलंत तर कडा सुटतात आणि पंखाला पीळ बसतो.

प्रश्न (पुणे): ३० सीसी इंजिन काउल काढून उत्तम चालतं. काउल लावलं की पाचव्या मिनिटाला बंद पडतं. पेट्रोल साधं पंपावरचं, तेल ३२ला १.

तुमचं इंजिन तापतं आहे. काउलच्या (इंजिनावरच्या आवरणाच्या) पुढच्या भोकातून हवा आत येते, पण सिलिंडरला वळसा घालून निघून जाते. पातळ प्लायवूड किंवा फॉर्मिका कापून भिंती बनवा, म्हणजे हवेला सिलिंडरच्या पात्यांमधूनच जावं लागेल. सिलिंडर आणि भिंत यांत ५ मि.मी. फट पुरे. खाली मागच्या बाजूला बाहेर पडायची वाट आत येणाऱ्या वाटेच्या दुप्पट ते तिप्पट हवी. बहुतेकजण पुढचं भोक मोठं करत बसतात. खरी अडचण मागे असते.

दुसरं कारण इंधन. हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने कार्बोरेटरची सुई (हवा-इंधनाचं प्रमाण ठरवणारा स्क्रू) जुन्या जागीच असेल तर मिश्रण विरळ होतं आणि विरळ मिश्रणावर इंजिन जास्त तापतं. दोन्ही सुया एक-सोळांश फेरी उघडून पाहा. थ्रॉटल झटकन दिला आणि इंजिन आवाज न करता मेलं, तर लहान वेगाची सुई उघडा. धूर काढत, अडखळत उठलं तर बंद करा. मोठ्या वेगाची सुई पूर्ण थ्रॉटलवर सर्वाधिक फेऱ्यांना आणून तिथून मिनिटाला सुमारे २०० फेरे कमी होईपर्यंत उघडा. ही तपासणी शेपूट घट्ट बांधून आणि प्रॉपच्या (पुढच्या पंख्याच्या) मागे उभं राहूनच करायची. प्रॉपच्या रेषेत, बाजूलाही, कुणी नको.

३२ला १ म्हणजे लिटरला ३१ मिलि तेल. इंजिन रुळेपर्यंत ठीक आहे, पुढे उत्पादक सांगेल तसं. तेल टू-स्ट्रोकचं सिंथेटिक हवं, मोटारसायकलच्या इंजिनातलं चालणार नाही. इथेनॉल पाणी ओढतं आणि कार्बोरेटरचे पडदे कडक करतं, म्हणून संध्याकाळी टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. टाकीतली नळी पिवळी टायगॉन असू द्या. सिलिकॉनची नळी पेट्रोलमध्ये फुगते.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): आठ किलोचं विमान उडवायला परवानगी लागते का?

ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५ किलोपर्यंतचं, केवळ छंद, शिक्षण वा संशोधनासाठी आणि नजरेच्या टप्प्यात उडवलेलं विमान ‘मॉडेल’ या व्याख्येत बसतं. पण हवाई क्षेत्राचे नियम त्यालाही लागू आहेत. सरकारी नकाशावर हवाई क्षेत्र हिरवं, पिवळं आणि लाल असं दाखवलेलं असतं. हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत, विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत. लाल आणि पिवळ्या क्षेत्रात परवानगीशिवाय नाही. मैदान ठरवण्याआधी तो नकाशा पाहा, आणि जमीनमालकाची संमती लेखी घ्या.

प्रश्न (सातारा): पुढच्या रविवारी पहिलं उड्डाण. काय काय तपासू?

विमानाच्या मागे उभे राहा. स्टिक उजवीकडे: उजवा ऐलरॉन वर. स्टिक स्वतःकडे: एलेव्हेटर वर. हे मोठ्याने म्हणून बघा, कारण उलटा लागलेला ऐलरॉन अनुभवी हातांनाही जमिनीवर दिसत नाही. ऐलरॉन वर जितका जातो त्याच्या निम्माच खाली जाऊ द्या. एक्स्पो (स्टिकच्या मध्याजवळ विमानाचा प्रतिसाद सौम्य करणारी सोय) ३० टक्के ठेवा, पण चिन्ह तपासा: फुटाबात मध्याजवळची हालचाल मऊ करायला उणे लागतं, स्पेक्ट्रममध्ये अधिक. चुकलात तर विमान हातात राहणार नाही. ट्रान्समीटर बंद करून फेलसेफ (संपर्क तुटल्यावर लागू होणारी स्थिती) थ्रॉटल खाली आणतो का ते पाहा. मग रेंज-चाचणीच्या कमी शक्तीवर ३० पावलं, आधी इंजिन बंद आणि नंतर चालू ठेवून.

वारा धावपट्टीच्या दिशेने आणि ताशी १० ते १२ किलोमीटरपेक्षा कमी हवा. जानेवारीत संक्रांतीच्या आसपास उडवू नका, मांजा दिसत नाही. थ्रॉटल तीन-चार सेकंदांत हळूहळू द्या. नाक डावीकडे ओढेल, उजवा रडर तयार ठेवा. शेपूट आपोआप उचलली जाईल, विमान स्वतःहून सुटेल, तुम्ही खेचू नका. ६० मीटरवर जाऊन ट्रिम करा (स्टिक सोडल्यावर विमान सरळ उडेल असं जुळवा), थ्रॉटल कमी करून तिथेच स्टॉल करून पाहा, म्हणजे उतरताना कोणता वेग टाळायचा ते कळेल. पाच मिनिटांचा गजर लावा आणि थोडा थ्रॉटल ठेवून उतरा. इंजिन बंद पडलं तर लगेच नाक खाली करा. ३० मीटर उंचीच्या आत असाल तर धावपट्टीकडे वळू नका, समोर मिळेल त्या शेतात सरळ उतरा.

खाली आल्यावर दुसरं उड्डाण लगेच नको. प्रॉप लाकडी असेल तर त्याचे बोल्ट पहिल्या उड्डाणातच सैल पडतात. ते आधी समोरासमोरचे आळीपाळीने आवळा, मग सायलेन्सरचे, इंजिन-माउंटचे आणि चाकांचे. प्रत्येक बिजागरी पुन्हा ओढून पाहा.