काकडीत बर्फ, दोष कुणाचा?

प्रश्न : आमचा दोन दारांचा फ्रॉस्ट फ्री फ्रीज चार वर्षांचा आहे. महिनाभर झाला, खालच्या कप्प्यात मेथी काळी पडते, काकडी कापली की सुरीखाली बर्फ करकरतो, दुधाच्या पातेल्यात कडेने खडे धरतात. कॉम्प्रेसर रात्रभर चालूच. थंडावा सगळ्यात कमी करून पाहिला, फरक नाही. सर्व्हिसवाल्याने दार उघडून पाच मिनिटं पाहिलं नि 'बोर्ड गेलाय, साडेसात हजार' म्हणाला. काका, बदलू का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : थांबा ताई. वीज तपासायचा मीटर न लावता बोर्ड, म्हणजे फ्रीज चालवणारी इलेक्ट्रॉनिक पाटी, गेला म्हणणं म्हणजे नाडी न बघता ऑपरेशन सांगणं. बोर्ड जातात, नाही असं नाही. पण तुमचं पत्र वाचून माझा पहिला संशय आतला गारवा मोजणाऱ्या सेन्सरवर.

आधी एक घरगुती परीक्षा. ग्लासभर पाण्यात थर्मामीटर बुडवून मधल्या फळीवर रात्रभर ठेवा. तापाचा नको, तो इतका खाली उतरत नाही. सकाळी ३ ते ५ अंश दिसले तर फ्रीज ठीक, मग काकडी फक्त गार हवेच्या झरोक्यासमोर ठेवली जातेय. शून्याच्या आसपास दिसलं तर पुढे वाचा.

सेन्सर म्हणजे शेंगदाण्याएवढा प्लॅस्टिकचा दाणा, त्याला दोन बारीक वायरी. बहुतेक फ्रीजमध्ये तो आतल्या भिंतीवरच्या छोट्या जाळीमागे असतो. गारवा वाढला की त्याचा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, वाढतो, गरम झालं की उतरतो. बोर्डाला भाजी दिसत नाही, त्याला तो आकडाच दिसतो. वायरींच्या सांध्यात पाणी शिरलं की आकडा खाली येतो, बोर्डाला वाटतं आत उकडतंय, आणि तो गार करतच सुटतो. म्हणून तुम्ही बटण कितीही फिरवा, उपयोग नाही.

तपासणी ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या आणि तुम्ही शेजारी उभ्या राहा. प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. सेन्सरचा कनेक्टर सोडवायचा. वाटीत बर्फाचा चुरा नि थोडं पाणी घेऊन दाणा त्यात पाच मिनिटं बुडवायचा, म्हणजे तो शून्य अंशावर येतो. रेझिस्टन्स किलोओहममध्ये मोजतात; २५ अंशाला १० किलोओहमचा सेन्सर असेल तर बर्फात साधारण ३२-३३ किलोओहम दाखवायला हवा; ५ चा असेल तर १६ च्या आसपास. नेमका आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो, तो सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळतो. बराच कमी आला किंवा आकडा सारखा नाचत राहिला, तर चोर सापडला.

दोन फसगती सांगतो. आपल्याकडे खोलीतच ३० अंश असतात, तेव्हा १० चा सेन्सर ८ दाखवतो. तो बिघडलेला नाही. दुसरी फसगत माझीच. कोपरीत एका घरी मी मीटर २० के, म्हणजे २० किलोओहमपर्यंतच्या खुणेवर ठेवून बर्फातला सेन्सर मोजला. पडद्यावर नुसता '१'. वायर तुटली समजून सेन्सर फेकला, नवा आणला, तोही बर्फात '१'. तेव्हा डोकं ठिकाणावर आलं : आकडा २० च्या पलीकडे गेला होता. मीटर २०० के वर ठेवा.

सेन्सर खराब निघाला तर मॉडेल नंबर दाखवून तेवढ्याच ओहमचा घ्या. बोर्डाच्या मानाने खर्च किरकोळ. सांधा डाखून वर हीट श्रिंक नळी, म्हणजे गरम केली की आकसून घट्ट बसणारी, चढवायला सांगा. साधी टेप नको, आपल्या दमट हवेत ती वर्षभरात सुटते. सेन्सर चांगला निघाला तर हवेची झडप, म्हणजे डॅम्पर, उघडी अडकली आहे का पाहा. बोर्डाचा नंबर त्याच्यानंतर. बर्फ खरवडायला सुरी मात्र घालू नका. आतली नळी फुटायची, आणि आजकालच्या बऱ्याच फ्रीजमध्ये पेट घेणारा गॅस असतो.

प्रश्न : आमच्या जुन्या सिंगल डोअर फ्रीजला सेन्सर कुठे असतो?
– एक वाचक, वर्तकनगर

उत्तर : बहुधा नसतोच. तिथे फिरवायच्या खटक्यामागे थर्मोस्टॅट, म्हणजे गारव्याप्रमाणे कॉम्प्रेसर चालू-बंद करणारी कळ, असतो आणि त्याची बारीक तांब्याची नळी फ्रीजरच्या पत्र्याला टेकलेली असते. साफसफाईत ती क्लिपमधून निसटली तरी काकडीचा बर्फ होतो. आधी तेवढं बघा.