ईएमटीचा (इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन) डिप्लोमा आहे, ॲम्बुलन्सवर काम करतो. आता इमर्जन्सी मेडिकल सर्व्हिसेसची डिग्री करून काही फायदा आहे का?

करा. मी नोकरी सांभाळून केली. हाच प्रश्न माझ्या भाऊजींनी लग्नाच्या भर पंगतीत विचारला होता, "गाडीवर बसाले डिग्री कशाले पायजे बे, स्ट्रेचर तं हमालबी उचलते." सगळे हसले. मी गप जेवलो, पण ते डोक्यातून गेलं नाही.

शेवटच्या वर्षाला असतानाची गोष्ट. पांढरकवड्याकडच्या एका गावातून कॉल आला. रानडुकरांसाठी जागलीवर गेलेला माणूस, शेतात खालीच झोपलेला, पहाटे पोट दुखते म्हणून उठला, कोणीतरी गॅसची गोळी दिली, मग बोलणं जड झालं तर घरचेच म्हणे रातची उतरली नसन. मी पाह्यलं तं पापण्या मिटून राहिल्या, एका दमात मोजाले लावलं तर सात-आठवरच दम संपला. अंगावर सूज नाही, दाताची खूण नाही. मण्यार चावली की बरेचदा असंच असते, झोपेत कळतही नाही. ग्रामीण रुग्णालयात डॉक्टरांना सांगितलं, त्यांनाही पटलं, अँटिव्हेनम सुरू झालं आणि यवतमाळले रेफर केलं.

गाडीत नातेवाईक म्हणे, इंजेक्शन झालं ना, आता झोपू द्या त्याले. पण मण्यारीचं विष नसांच्या टोकाशी बसलं की अँटिव्हेनमनं लगेच सुटत नाही, तोवर श्वास बाहेरून द्या लागते. डिप्लोमात श्वास द्यायची बॅग दाबाले शिकलो होतो, हे कारण डिग्रीत शिकलो, म्हणून श्वास चालू होता तेव्हापासूनच बॅग हातात घेऊन बसलो. अर्ध्या रस्त्यात श्वास उथळ झाला. मग दर ५-६ सेकंदाला एक, यवतमाळपर्यंत. ऑक्सिजनचा बी टाइप सिलेंडर भरलेला असला तर साधारण १५०० लिटर, मिनिटाला १० लिटरच्या फ्लोवर अडीच तास, हा हिशोब निघायच्या आधीच केला होता. माणूस व्हेंटिलेटरवर राहून घरी आला, त्याच सीझनले कापूस वेचला त्यानं. सांगा भाऊजी, कोणत्या हमालाले जमते हे?

फवारणीच्या दिवसात तर विचारूच नका. २०१७ ले यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजूर गेले, सगळ्याईले माहीत आहे. तोंडाले फेस अन् बाहुल्या टाचणीएवढ्या, तरी लोक म्हणतात दारू.

आता पगाराचं. लगेच वाढन असं समजू नका. आपल्याकडे १०८ वर डॉक्टर असतो, बहुतेक बीएएमएस, त्यामुळं ती सीट डिग्रीनं मिळत नाही. खाजगी हॉस्पिटलची कॅज्युअल्टी, खाणी, मोठ्या कंपन्या, तिकडं पाहा. २०२१ च्या अलाइड हेल्थच्या (डॉक्टर-नर्स सोडून बाकी आरोग्य व्यावसायिकांच्या) कायद्यात पॅरामेडिकचं नाव आलं आहे, म्हणून कॉलेज विद्यापीठाशी संलग्न आहे का हे आधी तपासा, नुसत्या गेटवरच्या बोर्डावर जाऊ नका. इंटर्नशिप कॅज्युअल्टीत अन् गाडीवर देतात का तेही विचारा, काही ठिकाणी पोरं वर्षभर ओपीडीत चिठ्ठ्या फाडतात. आणि घरी शेती असन तर फीचा दुसरा हप्ता सोयाबीन निघाल्यावर चालते का, हे ॲडमिशनच्या वेळीच लिहून घ्या.