पाय कुठे होते ते आधी सांग

प्रिय बाळा,

प्रभूच्या नावात सलाम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. उपास धरलास, पहाटे उठून प्रार्थना करतोस, तरी स्पर्धेच्या रात्री पोरांबरोबर ढाब्यावर गेलास की ग्लास हातात येतोच, आणि घरी परतल्यावर फोनवर पैजा सुरू होतात. शेवटी विचारतोस, माझा विश्वासच कमी आहे का, कबड्डी सोडू का?

तीन पानं तू नुसती मनाबद्दल लिहिलीस. किती वाजले होते, कुठे बसला होतास, जेवला होतास की नाही, शेजारी कोण होतं, यातलं 'ढाबा' आणि 'पोरं' सोडून एक अक्षर नाही. पकड सुटल्यावर कोपऱ्यातला पोरगा 'जोर कमी पडला' म्हणतो ना, तसलंच हे. जोराचं नंतर बघू. पाय कुठे होते ते आधी सांग.

तू डावा कोपरा सांभाळतोस, म्हणून तुला कळेल असंच लिहितो. पुरुष गटाच्या मैदानात तुमच्या अर्ध्या भागाची खोली ६.५ मीटर. मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदान रेषा. तिच्या मागे तुला उरतात २.७५ मीटर. चढाई करणाऱ्याला कुणाला शिवता आलं नाही, तर निदान रेषा ओलांडल्याशिवाय परत फिरता येत नाही. तसाच फिरला तर तो बाद. त्याच्याकडे वेळ ३० सेकंद. म्हणजे आत यायची गरज त्याला आहे, पुढे जायची गरज तुला नाही. आणि तरी कोपरे पुढे झेपावतात. तो हात लांब करतो, मागे घेतो, पाय दाखवतो, मुद्दाम पाठ वळवतो. तुझं वजन पुढच्या पायावर गेलं की त्याचं काम झालं. म्हणून तर सांगतात, त्याच्या हातांकडे बघू नको, कमरेकडे बघ. हात खोटं बोलतात, कंबर बोलत नाही.

आता तुझ्या ढाब्याचं बघ. ग्लास उठून तुझ्या घरी आला नव्हता. तू महामार्गावर गाडी थांबवून, पिणाऱ्यांच्या टेबलाशी खुर्ची ओढून, रात्री, बहुधा रिकाम्या पोटी, बसलास आणि मग प्रार्थना केलीस की प्रभू मला बळ दे. 'मी फक्त जेवणार' म्हणून त्या टेबलावर बसणं म्हणजे लॉबीत, मैदानाच्या कडेच्या पट्टीत, पाय टाकणं. झटापट सुरू व्हायच्या आधी लॉबीत पाऊल पडलं की बचाव करणारा बाद. समोरच्यानं शिवायचीसुद्धा गरज नसते. शिट्टी वाजल्यावर पंचाशी वाद घालून काय उपयोग?

प्रभूनं शिकवलेली प्रार्थना रोज म्हणतोस ना? तिच्यात 'परीक्षा आली की मला जिंकव' असं नाही. आम्हांला परीक्षेत आणू नको, असं आहे. पायांबद्दलचं मागणं आहे ते. योसेफाचंही बघ. मालकाच्या, पोटीफराच्या, बायकोला तो रोज नकार देत होता, तिच्याजवळ थांबायलाही तयार नव्हता. आणि तिनं वस्त्र धरल्यावर ते तिच्या हातात सोडून बाहेर पळाला. तिथं उभं राहून स्वतःचा निग्रह किती पक्का आहे ते तपासत बसला नाही. पौलानं करिंथकरांना लिहिलं ते शहर इस्थमियाच्या खेळांच्या अगदी जवळचं, दर दोन वर्षांनी भरायचे ते. पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात तो धावणारा आणि मुष्टियोद्धा उभा करतो. पुढच्याच अध्यायात सांगतो की उभा आहे असं ज्याला वाटतं त्यानं पडू नये म्हणून जपावं, आणि देव परीक्षेतून निघायची वाटही ठेवतो. वाट ठेवतो, होय. त्या वाटेनं चालायचं तुलाच आहे की.

तू लिहितोस, हरलेल्या रात्री काही होत नाही, जिंकलेल्या रात्रीच घसरतो. त्यात नवल वाटण्यासारखं काही नाही. मैदानात तुमचे सहा किंवा सात जण असतील तेव्हाच समोरच्याला बोनस गुण मिळतो. पाच उरले की बोनस बंद. संघ भरलेला असतो, सगळे सैल उभे असतात, आणि तो एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकवून, दुसरा हवेत ठेवून गुण घेऊन जातो. कुणी बाद होत नाही म्हणून कुणाला लागतही नाही. दावीद राजाचं सैन्य राब्बा शहराला वेढा घालून बसलं होतं, आणि राजा? यरुशलेमेत गच्चीवर. तिथून परक्याची बायको बथशेबा दिसली आणि तो घसरला. बथशेबेची गोष्ट सांगणारे तिच्या रूपावर बोलतात. मी विचारतो, त्याचे पाय कुठे होते?

कबड्डी सोडायची म्हणतोस, तेही चूकच. मागे सरकत सरकत अंतिम रेषेबाहेर टाच गेली तरी बादच. खेळ सोडून खोलीत फोन घेऊन बसलास तर तिथं कोण वाचवणार? तुला २.७५ मीटर दिलेत, त्यात उभं राहायला शीक.

आधी वही कर. चौदा रात्री, चार रकाने: वेळ, जागा, पोटात काय होतं, सोबत कोण. चढाई करणारा कुठल्या बाजूनं शिरतो ते तुम्ही बघून ठेवताच, तसंच. दोन आठवड्यांत दोन-तीनच वेळा आणि दोन-तीनच जागा पुन्हा पुन्हा दिसतील. मग तिथंच बंदोबस्त. स्पर्धेला डबा ने: दोन भाकऱ्या, दोन उकडलेली अंडी, केळी. सामना संपला की अर्ध्या तासात खा. भुकेल्या माणसाला 'चल रे' एवढं पुरतं. परतीचं कुणाच्या गाडीवर ते निघायच्या आधी ठरव, न पिणाऱ्याच्या. बक्षिसाचे पैसे त्या रात्री तुझ्याकडे नकोत. पैजेचं ॲप काढ, यूपीआयची मर्यादा कमी कर. फोन दहा वाजता स्वयंपाकघरात चार्जिंगला, खोलीत नाही. गजराचं निमित्त सांगू नको. गजराचं घड्याळ मिळतं बाजारात.

एवढं करूनही मोह चढाई करणाऱ्यासारखा आत शिरेल. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत त्याला गुण घ्यावाच लागतो, तेव्हा तो जिवावर उदार होऊन येतो. चार दिवस बरे गेले की पाचव्याला जास्त सावध राहा ते त्यासाठी. आणि एकट्यानं घोटा धरू नको. त्यानं ओढत नेऊन मध्यरेषेला हात लावला तर धरणारे सगळे बाद. शेजाऱ्याचा हात दाबून खूण कर, तो मांडीला येऊ दे, मग दोन्ही हातांनी घोटा धरून स्वतःकडे ओढ. तुझा शेजारी कोण आहे? युवक संघातला एक जण ठरव आणि मोह झाल्यावर नको, होतोय तेव्हा फोन कर. रात्री दोनला केलास तरी चालेल असं त्याच्याकडून आधीच कबूल करून घे.

लोक म्हणतात मी पोरांना कुंपणं शिकवतो, कृपा शिकवत नाही. म्हणू देत. मनाच्या जोरावर विसंबून माझी किती वर्षं गेली त्याचा हिशेब इथं मांडत नाही, पण कुंपण कुणी वेळेवर दाखवलं असतं तर बरं झालं असतं. आणि कृपेचं म्हणशील तर तेही मैदानात आहेच. बाद झालेला बाकावरून ओरडून आत येत नाही. आपल्या संघानं समोरच्याला बाद केलं की आत येतो, ज्या क्रमानं बाहेर गेला त्या क्रमानं. त्याच्या परत येण्याचा गुण दुसऱ्यानं मिळवलेला असतो. तेव्हा पडलास म्हणून रविवारी उपासना चुकवू नको. पंचानं आत बोलावल्यावर बाकाला चिकटून बसणारा खेळाडू पाहिलायस कधी?

शनिवारी खानापूरकडे सामना आहे म्हणालास. डबा ने. सोमवारी मला लिही, आणि या वेळी मनाबद्दल नको. वेळ, जागा, पोटात काय होतं, सोबत कोण.

तुझा,
काका