महागडं पेट्रोल टाकायचं का?

भाऊ, पंपावरचा पोरगा म्हणतो म्हणून महागडं पेट्रोल टाकू नकोस. आधी टाकीचं झाकण उघडून आतलं स्टिकर वाच, नाहीतर गाडीचं मॅन्युअल. तिथे 91 लिहिलं असेल तर 100 ऑक्टेन टाकून ना ॲव्हरेज वाढणार, ना पिकअप. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. दाबाखाली पेट्रोल ठिणगीआधीच आपोआप पेटू नये, एवढंच त्याचं काम. टर्बो इंजिनात दाब जास्त, म्हणून तिथे कंपनी सांगेल तो आकडा पाळायचा.

साध्या पेट्रोलचा आकडा आधी 91 होता, 20 टक्के इथेनॉलमुळे तो 95 च्या घरात गेलाय. गाडी जुनी असेल तर ऑक्टेनपेक्षा तिचे रबरी पाइप इथेनॉलला चालतात का, ते मेकॅनिकला विचार.

खरी परीक्षा मे महिन्यात. जळगावचं ऊन, पाच माणसं, एसी चालू आणि चाळीसगावहून कन्नडचा घाट. वरच्या गिअरमध्ये रेटलीस आणि बॉनेटखालून खडखड आली, तर ते नॉकिंग, म्हणजे पेट्रोल ठिणगीआधीच पेटतंय. लगेच गिअर उतरव. तरीही थांबलं नाही, तर पुढची टाकी जास्त ऑक्टेनची भरून बघ. त्यानेही फरक नाही पडला तर प्लग आणि कूलंट तपासून घे.