वजन जास्त असताना दिवस गेले, बाळाला त्रास होईल का?

ताई, तुम्ही लिहिलंय : पहिली वेळ, तिसरा महिना, उंची पाच फूट दोन इंच, वजन ८६ किलो, डॉक्टर जपायला सांगतात आणि सासूबाई म्हणतात, आता दोन जिवांचं खा. मी गेली बरीच वर्षं प्रसूती विभागात नर्स आहे, म्हणून उत्तर देते.

तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ३४-३५ च्या घरात येतो. आपल्याकडे २५ च्या वर गेलं की लठ्ठपणा धरतात, कारण आपल्या अंगात त्याच वजनाला चरबी जास्त असते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी तर हे नवजात बाळांतही दाखवलं. आसपासच्या खेड्यांतली सरासरी २.७ किलोची बाळं ब्रिटनमधल्या बाळांपेक्षा बारीक होती, पण कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून होती.

सगळ्यात आधी साखर. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त तपासतात. १४० किंवा त्याहून जास्त आलं तर गरोदरपणातला मधुमेह. ही तपासणी आताच करून घ्या. ठीक आली तरी २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा करायची असते, ती चुकवू नका.

इतका आग्रह का? आईची साखर वारेतून बाळाकडे जाते, इन्सुलिन मात्र जात नाही. मग बाळाचं स्वादुपिंड स्वतःच भरपूर इन्सुलिन बनवतं आणि बाळ भराभर वाढतं. चार किलोचं बाळ बघून घरचे खूश होतात, आम्हाला मात्र बाळंतपणात बाळाचा खांदा अडकायची धास्ती असते. नाळ कापली की साखर बंद, इन्सुलिन तसंच, म्हणून बाळाची साखर एकदम उतरते. असं एक गुबगुबीत बाळ मला अजून आठवतं. जन्मून दोन तास झाले होते, हात थरथरत होते, दूध ओढत नव्हतं. टाचेतून थेंब काढला, शुगर ३४, म्हणजे फारच कमी. लगेच ग्लुकोजचं सलाईन लावलं, संध्याकाळी ते आईच्या कुशीत होतं. वेळेवर कळलं म्हणून.

रक्तदाब वाढण्याचा धोकाही जास्त. पहिलटकरीण आणि त्यात वजन, म्हणून १२ ते १६ आठवड्यांत कमी मात्रेची ॲस्पिरिन सुरू करायची का, हे डॉक्टरांना विचारा. स्वतःच्या मनाने घेऊ नका. फॉलिक ॲसिडची मात्राही विचारून घ्या. पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीला पोटावरच्या चरबीमुळे चित्र धूसर येतं, पुन्हा बोलावलं तर घाबरू नका.

आणि खाणं. आता उपाशी राहून वजन उतरवायचं नाही. तुमच्या बीएमआयला नऊ महिन्यांत ५ ते ९ किलो वाढ पुरेशी आहे. सासूबाईंना हाच आकडा सांगा, त्यांची माया खरी आहे. त्यांच्या हातची उसळ, भाकरी, ताक, पालेभाजी भरपूर खा. साखरेचा चहा आणि डोहाळजेवणाची मिठाई आवरा. डॉक्टरांची ना नसेल तर जेवणानंतर अर्धा तास चाला.

एक अजून. जास्त वजनाच्या आईला दूध उतरायला कधी कधी तीन-चार दिवस लागतात. तेवढ्यात कुणी पावडरचा डबा आणला तर आधी बाळाच्या डॉक्टरांना विचारा. पहिल्या तासात बाळाला अंगाशी घ्यायचंय आणि चीक हाताने काढून वाटी-चमच्याने द्यायला शिकवा, हे लेबर रूममधल्या सिस्टरला आत जातानाच सांगून ठेवा.